कणसाच्या पाइपची शँक सैल झाली, गोंद कोणता वापरू?

प्रश्न: मिसुरी मिअरशॉम या कंपनीच्या, मक्याच्या कणसापासून बनवलेल्या तंबाखूच्या पाइपची लाकडी शँक (धूर ओढायची नळी) बाउलमध्ये, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीत, नुसती फिरतेय. ती काढून बांबूची लांब शँक बसवायची आहे. बाउलच्या तळाशी शँकचं टोक जळून खड्डाही पडलाय. फेविकॉल, ॲराल्डाइट की फेविक्विक? धुराला वास यायला नको.

उत्तर 1: फेविक्विक नकोच. कणीस ओलाव्याने फुगतं आणि वाळलं की आकसतं, त्यात हा ठिसूळ सांधा तडकतो. शिवाय कणसाचा मऊ गर तो पातळ गोंद शोषून घेतो, सांध्यात काही उरतच नाही.
आधी कोरडी शँक दाबून बसेल इतकं माप जमवा. सैल असेल तर टोकाला लाकडाची पातळ साल गुंडाळा. पोकळी गोंदाने भरायची नसते. मग फेविकॉलचा पातळ थर फक्त कणसाच्या भिंतीत राहणाऱ्या भागाला लावा. आतल्या टोकाची 3-4 मिमी कोरडी सोडा, नाहीतर शँक आत सरकवताना गोंद पुढे ढकलला जाऊन तंबाखूच्या जागेत येतो. धुराच्या भोकात पाइप क्लीनर (पाइप साफ करायची केसाळ तार) ठेवा आणि गोंद धरायच्या आत काढून घ्या. 24 तास हात लावू नका.

उत्तर 2: बांबूसाठी मी ॲराल्डाइटच सुचवेन. बांबूची बाहेरची साल गुळगुळीत असते, तिच्यावर फेविकॉल धरत नाही. साल पॉलिश पेपरने खरवडा आणि आतली पेरं आरपार भोक पाडून मोकळी करा. राळ आणि हार्डनर समान घ्या. पाच मिनिटांत सुकणारा प्रकार टाळा, तो उष्णतेने लवकर मऊ पडतो. निखाऱ्याजवळ मात्र ॲराल्डाइटसारखं कुठलंच इपॉक्सी नको.

उत्तर 1: साल खरवडायची हे बरोबर. पण खरवडल्यावर खालच्या तंतूंत फेविकॉलही धरतो, आणि पुढे शँक बदलायची वेळ आली तर गरम करून सुटतो. इपॉक्सी काढताना कणीसच फाटतं.

उत्तर 3: खड्ड्याला गोंद लावूच नका. सिगारची राख चाळून थेंब थेंब पाण्यात घट्ट मळा, भोकात पाइप क्लीनर घालून भोकाच्या खालच्या कडेपर्यंत थापा. दोन दिवस सावलीत वाळू द्या, उन्हात भेगा पडतात. बाहेरून चीर असेल तर प्लॅस्टर ऑफ पॅरिस चोळा. कणसाचे पाइप बनवणारे हेन्री टिबी यांनी 1878 मध्ये पेटंट घेतलं ते कणसावर प्लॅस्टर चढवण्याच्याच पद्धतीचं.

प्रश्नकर्ता: म्हणजे राख आधी की शँक आधी?

उत्तर 3: शँक आधी. राख तिच्या टोकाभोवती बसायला हवी.