तोंडाच्या कर्करोगाचे पॅराफिन ब्लॉक आणि टीपी५३: बदल खरा की फॉर्मालिनचा?

प्रश्न (सोलापूर)
गालाच्या आतल्या स्क्वॅमस कार्सिनोमाच्या (अस्तराच्या चपट्या पेशींचा कर्करोग) जुन्या, फॉर्मालिनमध्ये टिकवून मेणात बसवलेल्या ब्लॉकमधून टीपी५३ या गाठ रोखणाऱ्या जनुकाचे एक्झॉन (प्रथिनाचा संकेत असलेले भाग) ५ ते ८ सँगर पद्धतीने (डीएनएचा अक्षरक्रम वाचण्याची पद्धत) वाचतोय. रुग्ण बहुतेक मावा-मिश्रीवाले. ३५०-४०० बेसचे (डीएनएची अक्षरं ए, सी, जी, टी) तुकडे पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवणारी प्रक्रिया) धड वाढत नाहीत. वाढले तर सी चा टी झालेला दिसतो, पण पुन्हा पीसीआर केला की भलत्याच जागी. काही नमुन्यांत बदलच नाही. काय तपासावं?

उत्तर १
जागा बदलते, म्हणजे ते उत्परिवर्तन नव्हे. फॉर्मालिनमुळे सायटोसिनचा युरासिल होतो आणि पॉलिमरेज (प्रती बनवणारं एन्झाइम) त्याला टी समजतं. पीसीआरआधी युरासिल-डीएनए ग्लायकोसायलेज हे युरासिल काढून टाकणारं एन्झाइम वापरा. मात्र मिथाइल लागलेल्या सायटोसिनचा थेट थायमिन होतो, तिथे हे एन्झाइम निरुपयोगी. टीपी५३ चे १७५, २४८, २७३ हे नेहमी बदलणारे कोडॉन (तीन अक्षरांचे संकेत) नेमके अशाच सीपीजी जागांवर (सी नंतर जी, जिथे मिथाइल लागतं) आहेत! म्हणून दोन वेगवेगळे पीसीआर, दोन्ही धाग्यांचं वाचन, आणि दोन्हींत दिसेल तोच बदल धरायचा.
प्रायमर (तुकड्याची दोन टोकं ठरवणारे छोटे डीएनए) १५०-२०० बेसच्या तुकड्यांसाठी नव्याने काढा. एक्झॉन ५ एकटाच १८४ बेसचा, त्याला एकमेकांवर चढणाऱ्या दोन जोड्या लागतील.

प्रश्नकर्ता
एन्झाइमनंतर बँडच (जेलवरची डीएनएची पट्टी) आला नाही तर?

उत्तर १
मग धड रेणू मुळातच कमी होते. डीएनए जास्त घाला. पीसीआरच्या सायकल (आवर्तनं) वाढवू नका, त्याने खोटे बदलच फुगतात.

उत्तर २
बदल न दिसणाऱ्या नमुन्यांत आधी गाठीच्या पेशींचं प्रमाण बघा. उत्परिवर्तित प्रती १५-२० टक्क्यांखाली असल्या की सँगरला दिसत नाहीत. पेशी ३० टक्के आणि एकच प्रत बदललेली, तर हिशोब १५ वरच येतो. तोंडाच्या गाठीत लिम्फोसाइट (साध्या पांढऱ्या रक्तपेशी) खच्चून असतात. एच अँड ई (नेहमीच्या रंगाच्या) स्लाइडवर पॅथॉलॉजिस्टकडून गाठीचा भाग आखून घ्या, १० मायक्रॉनच्या पाच-सहा कापांतून तेवढाच खरवडा. दर ब्लॉकला नवं ब्लेड.
सोबत पी५३ चं (टीपी५३ चं प्रथिन) इम्युनो करा, म्हणजे प्रतिपिंडाने ते प्रथिन रंगवून बघा. मिसेन्स बदलात (प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदलतं) केंद्रकं सहसा गडद रंगतात. गाठ पूर्ण कोरी आणि शेजारच्या साध्या पेशी रंगलेल्या असतील, तर नॉनसेन्स किंवा फ्रेमशिफ्टचा (प्रथिन अर्धवट तोडणारे बदल) संशय घ्या आणि एक्झॉन ४, ९, १० वाचा. सीडीकेएन२ए हा गाठ रोखणारा दुसरा जनुक अख्खा गळालेला असू शकतो, तो सँगरमध्ये सापडत नाही.

उत्तर ३
नवे नमुने १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये, ऊतीच्या दहापट, ६ ते ४८ तास. सोलापूरच्या मे महिन्यात खोली चाळिशीला टेकते, तेव्हा डीएनए लवकर तुटतो; शनिवारचा नमुना सोमवारपर्यंत तसाच ठेवू नका. तुलनेसाठी त्याच रुग्णाचं रक्त ईडीटीएमध्ये घ्या; रक्त गोठू न देणारं दुसरं द्रव्य हेपरिन पीसीआर अडवतं. एक्झॉन ४ वाचाल तेव्हा कोडॉन ७२ चा आर्जिनिन-प्रोलिन फरक रक्तातही दिसेल. तो जन्मजात, मोजू नका.