मदत हवी आहे: एनएफएस माउंट होतंय, पण फोल्डरमध्ये लिहिता येत नाही

कळफलक:

ऑफिसात डेबियन १२ चा सर्व्हर आहे, पत्ता १९२.१६८.१.१०. त्यावरचं /एसआरव्ही/सामाईक हे फोल्डर दोन उबुंटू २२.०४ आणि एका मॅकला एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वाटायची पद्धत) द्यायचं आहे. /एटसी/एक्सपोर्ट्स (कोणाला काय द्यायचं ते ठरवणारी सर्व्हरवरची फाइल) मधली ओळ अशी (कमांड इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये):

/एसआरव्ही/सामाईक १९२.१६८.१.०/२४ (आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक)

दोन्ही उबुंटूंवर माउंट होतं, फाइली उघडतात. नवी फाइल करायला गेलं की "रीड-ओन्ली फाइल सिस्टीम". मॅकवर माउंटच होत नाही, "ऑपरेशन नॉट परमिटेड" येतं. सर्व्हरवर फोल्डरचा ग्रुप "सामाईक" आहे, आणि उबुंटूंवरही त्याच नावाचा ग्रुप करून युजर त्यात घातले आहेत. शोधलं की सीएचमॉड ७७७ (सर्वांना सगळे अधिकार) आणि नो_रूट_स्क्वॉश (जोडलेल्या मशीनच्या रूटला, म्हणजे सर्वाधिकारी युजरला, सर्व्हरवरही रूट मानणं) हे दोनच उपाय सापडतात. तेच करायचं का?

रात्रपाळी:

दोन्ही नको. तुमचे दोन एरर दोन वेगळ्या दोषांचे आहेत आणि त्यातला एकही फोल्डरच्या परवानगीचा नाही. तो तिसरा दोष अजून दिसलेला नाही, पण दिसेल.

आधी उबुंटू. ओळीत /२४ आणि कंस यांच्यात एक स्पेस आहे. एनएफएस ती ओळ अशी वाचतं: १९२.१६८.१.०/२४ ला काहीच पर्याय दिलेले नाहीत, म्हणजे मूळ गृहीत धरलेलं आरओ, फक्त वाचायचं. आणि कंसातलं सगळं "कुठल्याही यजमानाला", म्हणजे कुठल्याही मशीनला. एखादा क्लायंट (सर्व्हरला जोडणारं मशीन) दोन्हींत बसत असेल, तर ओळीतला क्रम काहीही असो, नेटवर्कची नोंद सर्वांसाठीच्या नोंदीच्या वर धरली जाते. म्हणून तुमच्या ऑफिसातल्या मशीनना फक्त वाचता येतं आणि सर्व्हरपर्यंत पोचू शकणाऱ्या बाहेरच्या कोणालाही लिहिता येतं. हे आजच्या आज बदला. एक्सपोर्टएफएस (ती ओळ लागू करणारी कमांड) चालवताना "नो ऑप्शन्स फॉर..." आणि "नो होस्ट नेम गिव्हन..." अशा दोन सूचना आल्या असतील, त्या याच स्पेसबद्दल होत्या.

स्पेस काढा, मग सर्व्हरवर:

सुडू एक्सपोर्टएफएस -आरए
सुडू एक्सपोर्टएफएस -व्ही

दुसरी कमांड प्रत्येक क्लायंटला खरोखर कोणते पर्याय लागू आहेत ते दाखवते. शोमाउंट -ई वर विसंबू नका, ती फक्त फोल्डर आणि पत्ते दाखवते, पर्याय नाही.

आता मॅक. एनएफएस सर्व्हर मुळात "सिक्युअर" पर्यायावर चालतो, म्हणजे १०२४ च्या खालच्या पोर्टवरून आलेलीच विनंती घेतो. मॅक सहसा वरच्या पोर्टवरून विचारतो. त्याला खालचा पोर्ट वापरायला सांगा:

सुडू माउंट -टी एनएफएस -ओ रिझव्हपोर्ट १९२.१६८.१.१०:/एसआरव्ही/सामाईक ~/सामाईक

फाइंडरमधून जोडायचं असेल तर मॅकवरच्या /एटसी/एनएफएस.कॉन्फ मध्ये "एनएफएस.क्लायंट.माउंट.ऑप्शन्स = रिझव्हपोर्ट" ही ओळ टाका. सर्व्हरवर "इन्सिक्युअर" लावूनही काम होतं, पण एका मॅकसाठी सर्वांचा नियम कशाला सैल करायचा? मॅक आपणहून एनएफएसची आवृत्ती ३ वापरतो. सर्व्हरला फायरवॉल असेल तर नुसता २०४९ (एनएफएसचा पोर्ट) उघडून पुरणार नाही. १११ (कुठली सेवा कुठल्या पोर्टवर ते सांगणारा) आणि माउंटच्या विनंत्या घेणाऱ्या माउंटडीचा पोर्टही हवा, आणि माउंटडीचा पोर्ट सर्व्हरच्या एनएफएस.कॉन्फ मध्ये ठरवून दिला नाही तर तो बदलत राहतो.

कळफलक:

स्पेस काढली, मॅकही जोडला गेला. आता तिन्हीकडे लिहिताना "परमिशन डिनाइड". सुडूने, म्हणजे रूट म्हणून, केलं तरी तेच! उबुंटूवर एलएस -एल केलं तर मालक आणि ग्रुपच्या जागी नुसते आकडे दिसतात. एलएस -एलएन चं उत्तर: डीआरडब्ल्यूएक्सआरडब्ल्यूएक्सआर-एक्स, मालक १००१, ग्रुप १००२. उबुंटूंवर आयडी म्हणतं युजर १०००, ग्रुप "सामाईक" १००१. मॅकवर युजर ५०१.

रात्रपाळी:

हाच तो तिसरा दोष. साध्या एनएफएसमध्ये, म्हणजे सेक=सिस (मूळची सुरक्षा पद्धत) असताना, क्लायंट नाव पाठवत नाही, यूआयडी आणि जीआयडीचे, म्हणजे युजर आणि ग्रुपचे, आकडे पाठवतो. सर्व्हरवरचा "सामाईक" १००२ आहे, उबुंटूवरचा १००१. नाव सारखं असून उपयोग नाही, सर्व्हर तुम्हाला "इतर" मध्ये धरतो आणि तिथे लिहायची परवानगी नाही. शिवाय उबुंटूवर पहिला युजर नेहमी १००० असतो. तुमच्या दोन मशीनवर बसणारी दोन माणसं सर्व्हरला एकच वाटतात.

सुडूचं कारण रूट_स्क्वॉश. क्लायंटवरून आलेला शून्य क्रमांक सर्व्हर ६५५३४ करतो, म्हणजे "नोबडी". त्यामुळे एनएफएसवर सुडूला तुमच्या साध्या युजरपेक्षा कमी अधिकार मिळतात. ते बरोबरच आहे. नो_रूट_स्क्वॉश लावलं की ज्याच्याकडे एका लॅपटॉपचं रूट आहे तो त्या फोल्डरमध्ये रूटच्या मालकीची सेटयूआयडी (चालवणाऱ्याला मालकाचे अधिकार देणारी) फाइल ठेवू शकतो, आणि ज्याला सर्व्हरवर साधं लॉगिन आहे तो ती चालवून तिथला रूट होतो.

उपाय: एक मोकळा आकडा घ्या, समजा २०००, आणि तो सगळीकडे एकच ठेवा.

सुडू ग्रुपमॉड -जी २००० सामाईक
सुडू सीएचग्रुप -आर २००० /एसआरव्ही/सामाईक
सुडू फाइंड /एसआरव्ही/सामाईक -टाइप डी -एक्झेक सीएचमॉड २७७५ {} +

ग्रुपमॉड ग्रुपचा आकडा बदलतो, पण फाइलींवर पडलेला जुना आकडा तसाच ठेवतो, म्हणून सीएचग्रुप वेगळं. २७७५ मधल्या २ मुळे नव्या फाइलींना ग्रुप आपोआप मिळतो. उबुंटूंवर फक्त पहिली ओळ चालवा, आणि युजरना लॉगआउट करून परत यायला सांगा. ग्रुपची यादी लॉगिनलाच ठरते.

चिंचगुळ:

उबुंटूपुरतं हे ठीक. मॅक आला की हे टिकणार नाही. उबुंटूच्या साध्या युजरचा उमास्क (नव्या फाइलीतून कोणत्या परवानग्या वगळायच्या ते ठरवणारा आकडा) ०००२ असतो, मॅकचा ०२२. मॅकने केलेली फाइल ६४४ होणार आणि ग्रुपमधल्या बाकीच्यांना ती फक्त वाचता येणार. मालकाने ७७७ केलेल्या फोल्डरचंही हेच होतं. पहिल्या दिवशी सगळं चालतं, दुसऱ्या दिवशी एकाची फाइल दुसऱ्याला सेव्ह करता येत नाही. सर्व्हरवर डिफॉल्ट एसीएल (नव्या फाइलींना आपोआप लागणारी परवानग्यांची यादी) लावून बघाल तर तेही फसेल, कारण एनएफएस ४.२ च्या आधीच्या आवृत्त्यांत उमास्क क्लायंटवरच लागू होतो. आणखी एक खोच: सेक=सिस फक्त १६ ग्रुप पाठवतं. मॅकवरच्या अ‍ॅडमिन युजरला आधीच ढीगभर ग्रुप असतात, त्यात तुमचा कापला जाऊ शकतो.

या फोल्डरमध्ये "कोणी लिहिलं" याची नोंद लागत नसेल तर सरळ सगळ्यांना एकाच आकड्यावर आणा. रात्रपाळीचा ग्रुपमॉड तसाच राहू दे, नंतर सर्व्हरवर:

सुडू युजरअ‍ॅड -यू २००० -जी सामाईक -एम -एस /युएसआर/एसबिन/नोलॉगिन सामाईक
सुडू सीएचओन -आर २०००:२००० /एसआरव्ही/सामाईक

यात -एम मोठ्या लिपीतला, होम फोल्डर न करण्यासाठी. एक्सपोर्टची ओळ:

/एसआरव्ही/सामाईक १९२.१६८.१.०/२४(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक,ऑल_स्क्वॉश,अ‍ॅनॉनयूआयडी=२०००,अ‍ॅनॉनजीआयडी=२०००)

आता कोणीही लिहिलं तरी मालक २०००, मग उमास्क काहीही असो.

रात्रपाळी:

मॅक असेल तर मान्य. पण मग पूर्ण /२४ देऊ नका. पाहुण्यांचं वायफाय त्याच नेटवर्कवर असेल तर त्यांनाही लिहिता येईल. तीन मशीनचे पत्ते राउटरवर पक्के करा आणि ओळीत तेच तीन, प्रत्येकाला स्वतःचा कंस देऊन लिहा, स्पेस फक्त दोन पत्त्यांच्या मध्ये. माणसागणिक खरी ओळख हवी असेल तर सेक=केआरबी५ (कर्बेरॉस, प्रत्येकाची ओळख पटवणारी यंत्रणा) शिवाय इलाज नाही, पण तीन मशीनसाठी कर्बेरॉस उभारणं म्हणजे मुंगीला मारायला तोफ.

कळफलक:

ऑल_स्क्वॉश केलं, तीन पत्ते दिले. तिन्हीकडून लिहिता येतंय, एकमेकांच्या फाइली सेव्हही होतायत. फक्त उबुंटूवरची रात्रीची बॅकअप स्क्रिप्ट (सुडू आरसिंक -ए, फाइलींची प्रत करणारी कमांड) प्रत्येक फाइलला "सीएचओन: ऑपरेशन नॉट परमिटेड" म्हणते.

चिंचगुळ:

फाइल पोचते, मालक बदलायला सर्व्हर नकार देतो. -ए मध्ये मालक आणि ग्रुप जपणं येतं, ते काढा: आरसिंक -ए --नो-ओ --नो-जी. परत आणताना मूळ मालकी लागणार असेल तर आधी टार करून ती एकच फाइल पाठवा, मालकी टारच्या आत राहते.

आणि त्या स्क्रिप्टच्या सुरुवातीला "माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/सामाईक || एक्झिट १" घाला. माउंट लागलेलं नसेल तर आरसिंक त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे उबुंटूच्याच डिस्कवर, सगळं ओतत बसेल आणि एररही देणार नाही.