'सूत' शब्दाच्या अर्थांचा गुंता सोडवण्यासाठी मदत हवी आहे

दाराची फळी चौकटीत घासत होती, तेव्हा सुतारकाकांनी कानावरची पेन्सिल काढून तिच्या कडेला खूण केली आणि म्हणाले, "दोन सूत तासावी लागेल." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे 3.2 मिलिमीटर, हे मला ठाऊक होते. अर्ध्या इंचाच्या सळईला 'चार सुती' म्हणतात तेही याच हिशेबाने. परंतु पेळूतून निघणारा, बोटांत जरा जास्त ताणला तर तुटणारा मऊ धागा आणि लाकूड-लोखंडाचे हे माप यांना एकच शब्द कसा, हा प्रश्न त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही.

धाग्याच्या अर्थाची वंशावळ सरळ आहे. संस्कृत 'सूत्र', त्यावरून प्राकृत 'सुत्त' आणि त्यावरून मराठी 'सूत'. 'सूत्र'चा संबंध शिवणे या अर्थाच्या 'सिव्' धातूशी जोडतात. 'सुतार' हा शब्दही 'सूत्रधार', 'सुत्तहार' या वाटेने आला आहे, म्हणजे लाकूडकाम करणाऱ्याचे नावच मुळात दोरी धरणाऱ्याचे आहे. पंधराव्या शतकात मेवाडच्या राणा कुंभाच्या पदरी असलेला स्थपती मंडन स्वतःला सूत्रधारच म्हणवीत असे. गेरूत भिजवलेला दोरा फळीच्या दोन टोकांना ताणून धरायचा, मध्ये चिमटीने उचलून सोडायचा, की लाल रेघ उमटते. ही रेघ पाहिली की 'सुतासारखा सरळ' हा वाक्प्रचार कापडापेक्षा लाकडाच्या कामातून आला असावा, असे मला वाटू लागते.

'सूतोवाच' आणि 'सुतक' यांना मात्र या गोतावळ्यात ओढू नये. पहिल्यातला सूत म्हणजे नैमिषारण्यात ऋषींना पुराणे सांगणारा कथेकरी (व्याकरणाच्या दृष्टीने तिथे 'सूत उवाच' असेच हवे, पण मराठीने संधी करून टाकला), आणि दुसऱ्याचे मूळ जन्म देणे या अर्थाच्या 'सू' धातूत आहे. सुतावरून स्वर्ग गाठण्याचा हा मोह मलाही झाला होता, हे कबूल करतो.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. मापाचे 'सूत' हे आखणीच्या दोऱ्याच्या जाडीवरून आले, की दोऱ्याने मोजण्याच्या रीतीवरून? इंचाचा व्यवहार रूढ होण्यापूर्वीच्या मराठी कागदपत्रांत हा शब्द मापाच्या अर्थाने कोणाच्या वाचनात आला असल्यास तो उल्लेख संदर्भासह द्यावा, कारण त्याशिवाय या प्रश्नाचा निकाल लागणार नाही. दुसरा प्रश्न 'सूत जमणे' याविषयी आहे: दोन माणसांचे सूत जमते तेव्हा ते कातणाऱ्याचे, विणकराचे की सुताराचे? आपल्या बोलीत 'सुतात येणे', 'सूत धरणे' असे काही प्रयोग असतील, तर ते पूर्ण वाक्यासह लिहावेत, ही विनंती.