थोरला मुलगा आत का जात नाही?

प्रश्न: रविवारी चर्चच्या तरुण संघात लूक १५ घ्यायचा आहे, वेळ एक तास. (बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय. येशूच्या या गोष्टीत धाकटा मुलगा पैसा उधळून घरी परततो, बाप मेजवानी देतो आणि थोरला रागाने आत जात नाही.) सगळे धाकट्यावरच अडकतात. देवाच्या प्रीतीला माणूस कसा आडवा जातो, ते कसं उलगडू?

उत्तर १: गोष्ट सुरू होते त्या अकराव्या वचनापासून नको, पहिल्या दोनांपासून सुरू करा. येशू पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून कुरकुरणारे परूशी (नियम काटेकोर पाळणारे यहुदी) आधी दिसले की थोरला कोणासाठी आहे ते कळतं. मग २५ ते ३२ला निम्मा वेळ द्या. थोरला म्हणतो ‘हा तुझा मुलगा’, बाप म्हणतो ‘हा तुझा भाऊ’. इथे थांबाच.

उत्तर २: थोरल्याला खलनायक मात्र करू नका, ऐकणारे अलगद सुटतात. त्याचा हिशोब चोख आहे. राबला, पण साधं करडूही मिळालं नाही. बाप त्याच्यासाठीही बाहेर येऊन विनवतो (२८).

उत्तर ३: वेळ उरला तर योना ४ घ्या, म्हणजे बायबलमधल्या योना संदेष्ट्याच्या पुस्तकाचा चौथा अध्याय. देव दयाळू आहे, याचाच योनाला राग! दोन्ही गोष्टी अर्ध्यावर सुटतात. शेवट पदरचा जोडू नका.