लॅन पोर्ट नसलेला लॅपटॉप आणि नोड-लॉक्ड लायसन्स: कुठला मॅक द्यायचा?

फ्लिपफ्लॉप
नमस्कार मंडळी. विंडोज ११, क्वार्टस लाइट (चिपमधली सर्किटं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) आणि सोबतचं क्वेस्टा स्टार्टर (त्या डिझाइनचा सिम्युलेटर). लायसन्स फुकट आहे, पण एकाच मशीनला बांधलेलं. पोर्टलवर बारा अंकी एनआयसी आयडी, म्हणजे नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, मागतात. लॅपटॉपला लॅनचा पोर्टच नाही, फक्त वाय-फाय आणि दोन टाइप-सी. 'आयपीकॉन्फिग /ऑल'मध्ये सहा पत्ते दिसतात. त्यातला वाय-फायचा दिला. घरी चाललं, कॉलेजच्या वाय-फायवर 'इन्व्हॅलिड होस्ट'. यूएसबी-लॅन अडॅप्टर घ्यावाच लागेल का?

सोल्डरमास्तर
नाही. घरी चालतं आणि कॉलेजात नाही, म्हणजे विंडोजचं 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस' चालू असणार. ते प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा बनावट पत्ता काढतं, आणि एकेका नेटवर्कवर तोच टिकवतं. म्हणून घरी अडचण दिसली नाही.

ओळखायचं कसं? दिलेल्या नंबरातला डावीकडून दुसरा अंक बघा (यात ए ते एफ ही अक्षरंही अंकच धरतात). २, ६, ए किंवा ई असेल तर तो कार्डावर कोरलेला नाही, सॉफ्टवेअरने तयार केलेला आहे.

सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग वाय-फाय, तिथे हे बटण बंद करा. एवढ्यावर थांबू नका: जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये हेच बटण पुन्हा वेगळं असतं, तेही बघा. मग पॉवरशेलमध्ये 'गेट-नेटअ‍ॅडाप्टर' चालवून त्याला 'फॉरमॅट-लिस्ट *' (चांदणीसकट) जोडा आणि वाय-फायसमोरचा 'पर्मनंट अ‍ॅड्रेस' उचला. पोर्टलवर तो मधल्या रेघा न घालता टाकायचा.

लायसन्स नव्यानेच काढावं लागेल. जुन्या फाइलीत होस्टआयडीचे (म्हणजे मॅकचे) आकडे हाताने बदलून काही होत नाही. शेवटची डिजिटल सही त्याच ओळीवरून काढलेली असते, ती जुळेनाशी होते.

बाकीचे पत्ते विसरा. ब्लूटूथ, व्हर्च्युअलबॉक्स, व्हीपीएन यांतला कुठलाही देऊ नका. व्हीपीएन काढून टाकलं की लायसन्सही गेलं.

तारवाला
वरच्याशी सहमत, पण दोन ठिकाणी अडॅप्टरच बरा. एक, लॅबमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून वाय-फाय डिसेबल करायची सक्ती असेल तर, कारण डिसेबल केलेलं कार्ड लायसन्सच्या यादीतून गायब होतं. दुसरं म्हणजे लिनक्स. तिथे नेटवर्क मॅनेजर वाय-फायचा पत्ता स्कॅन करताना बदलत राहतो.

घ्यायचा तर रिअलटेक ८१५३ किंवा एएसआयएक्स ८८१७९ चिपवाला गिगाबिट घ्या. अगदी स्वस्तातले टाळा. त्यांत दोन अडॅप्टरांवर एकच मॅक छापलेला सापडतो. केबल लावायची गरज नाही, नुसता अडॅप्टर खोचलेला पुरे. मात्र क्वेस्टा चालू असेपर्यंत तो काढायचा नाही. अडॅप्टर हरवला तर लायसन्सही हरवलं, म्हणून नंबर चिकटपट्टीवर लिहून लॅपटॉपच्या पोटाला लावून ठेवा.

लिनक्सवर अडॅप्टरचं नाव 'ईएनएक्स' आणि पुढे पूर्ण मॅक असं येतं. फ्लेक्सएलएमच्या (लायसन्स तपासणारी यंत्रणा) जुन्या आवृत्त्या 'ईटीएच०' हेच नाव शोधतात, त्यामुळे मॅक बरोबर असूनही नकार मिळतो. सिस्टमडीच्या (लिनक्सची सुरुवात सांभाळणारा भाग) लिंक फाइलीत त्या मॅकला 'ईटीएच०' नाव द्या.

आणि मॅक सॉफ्टवेअरने बदलून लायसन्स फिरवण्याचे सल्ले सापडतील. तो करारभंग आहे, त्या वाटेला जाऊ नका.

गोदी_कामगार
डॉकवाल्यांसाठी (डॉक म्हणजे लॅपटॉपला जास्तीचे पोर्ट देणारा डबा): बायोसमध्ये 'मॅक पास-थ्रू' चालू असेल तर डॉकचा लॅन पोर्ट स्वतःचा नाही, लॅपटॉपच्या बायोसमधला मॅक दाखवतो. डॉकच्या तळाचं लेबल वाचून नंबर भरला तर फसाल. डॉकला जोडून मगच 'आयपीकॉन्फिग' बघा. पास-थ्रूचा मॅक दिला तर डॉकशिवाय लायसन्स उठत नाही, हेही आलंच.

फ्लिपफ्लॉप
दुसरा अंक ई निघाला! दोन्ही बटणं बंद केली, पर्मनंट अ‍ॅड्रेसवर नवीन लायसन्स काढलं. आता होस्टची तक्रार नाही, पण 'लायसन्स फाइल सापडत नाही' म्हणतंय. 'एलएम_लायसन्स_फाइल' हे एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल (फाइल कुठे आहे ते सांगणारं) केलंय.

सोल्डरमास्तर
त्यात फोल्डर नाही, फाइलीच्या नावासकट पूर्ण मार्ग हवा. एक्सप्लोररमध्ये फाइलींची एक्स्टेन्शन्स दिसू द्या. नोटपॅडने बहुधा 'डॅट'च्या पुढे 'टीएक्सटी' चिकटवलं असेल. नवीन क्वेस्टा असेल तर ते 'सॉल्ट_लायसन्स_सर्व्हर' हे व्हेरिएबल वाचतं, त्यातही तोच मार्ग द्या. व्हेरिएबल बदलल्यावर क्वेस्टा बंद करून पुन्हा उघडा.

फ्लिपफ्लॉप
टीएक्सटीच होतं. चालू झालं.