डेनियरपेक्षा शिवण बघा

लॅपटॉपची पाठीवरची बॅग घेण्याबद्दल एकांनी म्हटलंय की १६८० डेनियर लिहिलेलं दिसलं की बॅग डोळे झाकून घ्यावी. थोडं थांबा. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. धागा किती जाड ते त्यावरून कळतं, शिवण कशी आहे ते नाही. माझी आधीची बॅग उसवली ती खांद्याचा पट्टा जिथे बॅगेच्या पाठीला जोडतात तिथे, तीही बोर्डिंगच्या रांगेत. कापड मात्र ठणठणीत! तेव्हापासून बॅग हातात आली की आधी ती जागा बघतो. तिथे दाट, आडवी-तिरकी शिलाई हवी आणि आतल्या कडा पट्टीने बंद केलेल्या. धागे लोंबत असतील तर सरळ परत ठेवून द्या.

लॅपटॉपचा कप्पा तळाला टेकलेला नको, बोटभर वर हवा. नाहीतर बॅग खाली ठेवली की ठोका थेट लॅपटॉपलाच. आत हात घालून चाचपलं की लगेच कळतं. चेन रिकाम्या बॅगेत सगळ्याच सुळकन चालतात. बॅग भरून चेन कोपऱ्यावरून फिरवून बघा. बॅगेला फोन चार्ज करायला दिलेल्या यूएसबी पोर्टसाठी मात्र मी एक पैसाही जास्त देणार नाही.