जुने आजार आणि परदेश प्रवासाचा विमा : तुमचे अनुभव सांगा

आई मे महिन्यात पुन्हा माझ्याकडे न्यू जर्सीला येतेय. वय ७२, बीपी, शुगर, थायरॉइड. विम्याचा फॉर्म समोर उघडलाय आणि मागची खेप डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतेय.

तेव्हा एजंट म्हणाला होता, "बीपीची एकच गोळी ना? मग 'नाही'वर टिक करा, हप्ता कमी बसेल." मी केलं. तिसऱ्या आठवड्यात आईला पहाटे चक्कर आली, बोलताना जीभ जड झाली. इमर्जन्सीत नर्सने विचारलं, औषधं कुठली चालू आहेत? आईने पर्समधून केमिस्टचं खाकी पाकीट काढलं, त्यावर पेनाने 'सकाळी', 'रात्री' लिहिलेलं. मी एकेक पट्टी वाचून दाखवली. बीपी दहा वर्षं आहे, तेही सांगितलं. सांगणं भागच होतं, आईच्या जिवाचा प्रश्न होता. कंपनीने हॉस्पिटलचे तेच कागद मागवले आणि क्लेम नाकारला. दोन रात्रींचं बिल आम्ही हप्त्याहप्त्याने फेडलं. आई अजून म्हणते, "माझ्यापायी तुम्हाला भुर्दंड." तिची काय चूक? टिक मी केली होती.

नंतर वाचून कळलं ते असं : इथल्या व्हिजिटर पॉलिसींत जुना आजार सहसा वगळलेला असतो. काही पॉलिसी त्या आजाराचा अचानक आलेला झटका तेवढा धरतात, 'ॲक्यूट ऑनसेट' म्हणतात त्याला. पण आधी काही लक्षणं असली तर तोही नाही, आणि बहुतेक ठिकाणी २४ तासांच्या आत उपचार घ्यावे लागतात. नेहमीच्या गोळ्या आणि तपासण्या त्यात येत नाहीत. वय वाढलं की अशा झटक्यासाठी मिळणारी रक्कमही उतरते. तुम्ही काय केलंत, मोकळेपणाने लिहा.

*

मिसिसागाहून लिहितोय. बाबांसाठी सुपर व्हिसा काढला, म्हणजे आईवडिलांना कॅनडात जास्त काळ राहता येतं तो व्हिसा. त्याला किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा वैद्यकीय विमा लागतो. पूर्वी तो कॅनडातल्याच कंपनीचा लागायचा, जानेवारी २०२५ पासून इथल्या नियामकाने मान्यता दिलेल्या परदेशी कंपन्यांचाही चालतो.

आमची गाडी अडली 'स्टेबल' या शब्दावर. जुना आजार धरायचा तर पॉलिसी सुरू होण्याआधी ठरावीक दिवस तो स्थिर हवा. आमच्या पॉलिसीत १८० दिवस. बाबा रोज पहाटे पर्वती चढतात. वजन उतरलं, बीपी छान आलं, डॉक्टरांनी खुशीने गोळी ४० वरून २० केली. बाबांनी फोन करून मला ती बातमी किती अभिमानाने दिली! आणि ब्रोकरने सांगितलं, डोस कमी झाला तरी तो बदलच. दिवस आता तिथून मोजायचे. तिकीट एप्रिलचं होतं, ते सप्टेंबरवर नेलं. नातवाची मुंज हुकली त्यांची. तरी गोळी परत वाढवून घेण्याचा विचार कुणी मनात आणू नका. आधी तब्येत, मग तिकीट. फक्त तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा, औषधात काही बदल करायचा आहे का.

*

ठाण्याहून. आम्ही दोघं टूरबरोबर युरोपला गेलो. शेंगेन व्हिसाला ३० हजार युरोंचं संरक्षण असलेला विमा लागतो, तो टूरमध्येच होता आणि व्हिसाही आला. मी समजले, मिस्टरांची शुगर त्यात आली. नव्हती आली. निघायच्या आठवडाभर आधी अटींचं पुस्तिकेएवढं पीडीएफ वाचलं तेव्हा कळलं, आणि जिवावर बेतलं तर जुना आजारही धरणारी वेगळी पॉलिसी घेतली. वापरायची वेळ आली नाही, देवाची कृपा.

*

मी पुण्यात क्लेम विभागात बारा वर्षं काम केलं आहे. ताई, एजंटचं तोंडी बोलणं क्लेमच्या वेळी कुठेच उभं राहत नाही. "माझ्या आईला अमुक आजार आहे, अमुक गोळ्या चालू आहेत, त्यातून इमर्जन्सी आली तर मिळेल का?" एवढं ईमेलवर विचारा आणि लेखी उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका. आजार किती मागचा धरतात, हेही त्याच पॉलिसीच्या व्याख्येत पाहा. भारतातल्या आरोग्य विम्यात २०२४ पासून पॉलिसीआधीच्या ३६ महिन्यांतला आजार जुना धरतात, पण परदेशी पॉलिसीची मुदत वेगळी असू शकते.

*

कोल्हापूर. यांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा. तीन कंपन्यांनी सरळ नाही म्हटलं. चौथीने दिला, पण किडनीचं काहीही मिळणार नाही असं लिहून. आम्ही तो घेतला. दुबईत लेकीने आधीच केंद्रात दोन वेळा ठरवून ठेवल्या, पैसे आम्ही भरले. सहा दिवस राहिलो. यांनी समुद्रात पाय बुडवले.

*

धागाकर्ती : सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचं वाचून डोळे भरले. काल रात्री आईला व्हिडिओ कॉलवर घेऊन फॉर्म भरला. तिने खाकी पाकीट कॅमेऱ्यासमोर धरलं आणि एकेक पट्टी दाखवत गेली. शेवटी म्हणाली, "थांब, २०१९ मध्ये डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तेही लिही." लिहिलं. कंपनीला ईमेल गेलाय, उत्तराची वाट बघतेय.